हात कोणाचा, कथा कोणाची? : अमेरिकन चित्रकथांविषयीची रसिकचर्चा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

१

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथकर्त्याचे नाव सामान्यतः ज्ञात असते. जेथे ते संदिग्ध असते तेथे विद्वानांत वाद होतो, आणि त्या वादातून ग्रंथाचा काळ, भाषा व परंपरा यांवर प्रकाश पडतो. अमेरिकेतील ‘कॉमिक्स’, म्हणजे चित्रकथांच्या नियतकालिक पुस्तिका, यांचा इतिहास याच्या नेमक्या उलट क्रमाने घडला. तेथे लक्षावधी पृष्ठे आधी छापली गेली, वाचली गेली आणि बहुतांशी रद्दीत गेली. ती कोणी लिहिली व कोणी काढली हा प्रश्न मागाहून उपस्थित झाला. शिवाय तो प्रकाशकांनी, समीक्षकांनी वा विद्यापीठांनी उपस्थित केला नाही. दहा सेंट देऊन त्या पुस्तिका विकत घेणाऱ्या वाचकांनी तो विचारला.

या वाचकांची चर्चा वरवर पाहता क्षुल्लक वाटते. अमुक अंकातील रेखाटन फिके आहे, तमुक कथेचा शेवट घाईने उरकला आहे, पेन्सिलीचे काम चांगले असून शाईने ते बिघडविले आहे, अशा स्वरूपाचे तिचे विषय असत. परंतु १९५० ते १९७० या दोन दशकांत याच चर्चेतून चित्रकथेच्या समीक्षेची परिभाषा, तिची सूची आणि तिच्यातील कर्तृत्वाची संकल्पना ही तिन्ही घडली. या घडणीची दिशा काय होती आणि तिच्या मर्यादा कोणत्या होत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या चर्चेने ‘हा हात कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर विलक्षण कौशल्याने दिले. मात्र ‘ही कथा कोणाची’ या प्रश्नात ती दीर्घकाळ चकली. या चकण्याचे परिणाम केवळ शास्त्रीय नव्हते. काही माणसांचे श्रेय व उपजीविका त्यात गुंतलेली होती.

२

प्रथम या निनावीपणाची कारणे पाहणे अवश्य आहे. ‘सुपरमॅन’ची पहिली कथा १९३८ च्या जून महिन्याचा दिनांक असलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आली. जेरी सीगेल व जो शुस्टर या दोघा तरुणांनी तिचे सर्व हक्क १३० डॉलरना विकले होते. हा व्यवहार अपवादात्मक नव्हता; धंद्याची रीतच ती होती. एकाने कथा रचावी, दुसऱ्याने पेन्सिलीने चित्रे काढावीत, तिसऱ्याने त्यांवर शाई चढवावी, चौथ्याने संवादाच्या फुग्यांतील अक्षरे लिहावीत आणि पाचव्याने रंग ठरवावेत, अशी ही श्रमविभागणी होती. मोबदला पानामागे मिळे आणि हक्क प्रकाशकाकडे राहत. ज्याला नाव नाही त्याच्या जागी दुसरा बसविणे सोपे जाते, त्यामुळे नाव छापण्यात प्रकाशकाचा काहीच लाभ नव्हता. जेथे नाव छापले जाई तेथेही ते विश्वसनीय असेच असे नाही. ‘बॅटमॅन’च्या कथांवर अनेक वर्षे बॉब केन याचेच नाव असे, परंतु त्या नावाखाली शेल्डन मोल्डॉफ, डिक स्प्रँग इत्यादी अन्य चित्रकार काम करीत. वॉल्ट डिस्ने याची सही तर त्याने स्वतः न काढलेल्या असंख्य पानांवर झळकत असे.

अशा स्थितीत वाचकांना परस्परांशी बोलण्याचे साधन कोठून मिळाले? त्याचा एक उगम टपालखात्याच्या नियमात आहे. नियतकालिकांसाठी असलेल्या सवलतीच्या टपालदराचा लाभ घ्यावयाचा तर अंकात किमान दोन पाने निव्वळ मजकूर असणे आवश्यक मानले जाई. प्रारंभी या पानांवर कशाबशा लिहिलेल्या लघुकथा छापीत, आणि त्या फारसे कोणी वाचीत नसे. पुढे त्यांच्या जागी वाचकांची पत्रे आली. मजकूर फुकट मिळाला, आणि वाचकालाही अंक आपला वाटू लागला. दुसरा उगम विज्ञानकथांच्या मासिकांत आहे. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२६ मध्ये सुरू केलेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये पत्रलेखकांची नावे पत्त्यांसह छापली जात. त्या पत्त्यांच्या आधारे वाचक एकमेकांना लिहू लागले, आणि त्यातून हौशी, चक्रमुद्रित नियतकालिकांचे एक जाळेच निर्माण झाले. अशा नियतकालिकास ‘फॅनझिन’ हा शब्द १९४० मध्ये रूढ झाला. १९३२ मध्ये ‘द टाइम ट्रॅव्हलर’ हे असेच एक पत्र काढणाऱ्यांत ज्यूलियस श्वार्ट्झ होता. पुढे तोच डीसी या प्रकाशनसंस्थेत चित्रकथांचा संपादक झाला, आणि १९६१ मध्ये त्याने आपल्या पत्रसदरांत वाचकांचे संपूर्ण पत्ते छापण्यास आरंभ केला. आपल्या तरुणपणी काय उपयोगी पडले याची त्याला जाण होती, असेच म्हणावे लागते.

३

तथापि नावे देऊन चित्रकारांना वाचकांसमोर आणण्याचा मान श्वार्ट्झच्या पूर्वी ‘ईसी’ या छोट्या संस्थेकडे जातो. विल्यम गेन्स हा तिचा मालक, आणि अल फेल्डस्टीन व हार्वी कुर्ट्झमन हे तिचे प्रमुख संपादक. १९५० नंतरच्या काही वर्षांत या संस्थेने भयकथा, युद्धकथा व विज्ञानकथा यांच्या मालिका काढल्या. त्यांत चित्रकाराला आपली सही करण्याची मुभा होती, आणि अंकात चित्रकारांची छायाचित्रांसह चरित्रे छापली जात. १९५३ मध्ये संस्थेने वाचकांचे मंडळही स्थापन केले. परिणाम असा झाला की वाचक कथेच्या विषयाबरोबर तिच्या रेखाटनाविषयीही लिहू लागले. वॉली वुड याची दाट छाया, जॅक डेव्हिस याची झपाट्याची रेषा, ग्रॅहॅम इंगल्स याची कुजकी, ओघळती आकृती यांतील भेद पत्रांतून मांडले जाऊ लागले. लॅरी स्टार्क या वाचकाच्या दीर्घ व परखड पत्रांची कीर्ती तर संपादकांपर्यंत पोहोचली होती. १९५४ मध्ये त्याने इतरांच्या सहकार्याने ‘पोट्रझीबी’ नावाचे फॅनझिन काढले.

या वाचकवर्गाने कशाकडे पाहावयास शिकले याचे उत्तम उदाहरण म्हणजे बर्नार्ड क्रिगस्टीन याने काढलेली ‘मास्टर रेस’ ही कथा. १९५५ मधील ‘इम्पॅक्ट’च्या पहिल्या अंकात ती आली. नाझी छळछावणीचा माजी अधिकारी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका ओळखीच्या चेहऱ्याला घाबरतो आणि अखेरीस गाडीखाली सापडतो, एवढाच तिचा विषय. ईसीच्या पद्धतीनुसार मजकूर आधी पानावर लिहिला जाई व चौकटी आखल्या जात, आणि चित्रकाराने त्या भरावयाच्या असत. क्रिगस्टीनला ही कथा सहा पानांची मिळाली होती. त्याने अधिक पानांची मागणी केली, आणि अखेर मजकुराच्या पट्ट्या कापून-चिकटवून ती आठ पानांत पसरली. एका क्षणाचे त्याने अरुंद उभ्या चौकटींत तुकडे केले. धावत्या गाडीच्या खिडक्यांतील मुखांची पुनरावृत्ती केली. त्यामुळे कथेतला भयाचा काळ लांबत जातो. जॉन बेन्सन या अभ्यासू वाचकाने आपल्या सहकाऱ्यांसह या कथेचे चौकटीगणिक केलेले विवेचन ‘स्क्वा ट्रॉन्ट’ या फॅनझिनच्या १९७५ च्या अंकात प्रसिद्ध झाले. त्या सहकाऱ्यांत पुढे ‘माउस’ या चित्रग्रंथाने ख्याती पावलेला आर्ट स्पीगलमन होता.

हे उदाहरण लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. येथे शब्द फेल्डस्टीनचे आहेत, पण कथनाची लय क्रिगस्टीनची आहे. चित्रकथेत कथन हे मजकुरातच असते असे नव्हे. चौकटींची संख्या, त्यांचा आकार आणि त्यांचा क्रम हेही कथनच होय. काळ किती लांबवावा व कोठे तोडावा, हा निर्णय जो घेतो तो कथाकार. हे तत्त्व क्रिगस्टीनच्या बाबतीत वाचकांना दिसले. अन्यत्र मात्र ते त्यांच्या दृष्टीतून निसटले, हे पुढे स्पष्ट होईल.

ईसीचा हा काळ अल्पायुषी ठरला. मानसचिकित्सक फ्रेडरिक वर्थम याचा ‘सिडक्शन ऑफ दि इनोसंट’ हा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रकथा बालगुन्हेगारीस पोसतात असा त्याचा आरोप होता. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, आणि वर्षअखेरीच्या सुमारास प्रकाशकांनी स्वतःवरच एक कडक आचारसंहिता लादून घेतली. भयकथांच्या मालिका बंद पडल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची पत्रसदरेही गेली. वाचक मात्र राहिले.

४

निनावी पानातून कर्ता शोधण्याची रीत ज्या प्रकरणात सर्वांत शुद्ध रूपात दिसते ते प्रकरण डिस्नेच्या बदकांचे आहे. डोनल्ड डक याच्या चित्रकथा अनेक चित्रकार काढीत. सर्वांवर सही डिस्नेची. परंतु त्यांतील एकाचे काम निराळे आहे हे मुलांनाही कळे. त्याच्या बदकांच्या मुद्रेत भाव अधिक होता, कथेत कारणपरंपरा पक्की होती आणि विनोद प्रसंगातून उगवत होता. नाव ठाऊक नसल्यामुळे वाचक त्याला ‘चांगला बदक-चित्रकार’ एवढेच म्हणत. १९६० मध्ये एका तरुण वाचकाने चिकाटीने चौकशी करून त्याचे नाव मिळविले. तो कार्ल बार्क्स होता. १९४२ च्या सुमारापासून तो या कथा काढीत होता, आणि १९४७ मध्ये अंकल स्क्रूज हे पात्र त्यानेच निर्मिले होते. चाहत्यांची पहिली पत्रे हाती पडली तेव्हा कोणीतरी आपली थट्टा करीत आहे असे त्याला वाटले. जवळजवळ दोन दशके काम करूनही आपल्याला कोणी ओळखत असेल ही कल्पनाच त्याला नव्हती.

ही पद्धती कलेच्या इतिहासास अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकातील इटालियन पारखी जोव्हानी मोरेल्ली याने कानाची पाळी, नखे, बोटे अशा दुर्लक्षित तपशिलांवरून चित्राचा कर्ता ठरविण्याची रीत घालून दिली. चित्रकार मुख्य आकृतीत दुसऱ्याचे अनुकरण करील, पण क्षुल्लक तपशिलात त्याचा हात आपोआप स्वतःच्या वळणावर जातो, ही त्यामागील भूमिका. मराठीच्या अभ्यासकास ‘ज्ञानदेव व ज्ञानेश्वर एक की दोन’ हा वाद परिचित आहे. तेथेही ज्ञानेश्वरी व अभंग यांच्या भाषेतील भेदांवरून कर्तृत्वाचा निर्णय करण्याचा प्रयत्न झाला. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर व्यक्तीची स्वतःची अशी एक बोली असते, आणि ती व्यक्तीला स्वतःलाही पूर्णपणे जाणवत नाही. बार्क्सच्या वाचकांना मोरेल्ली माहीत असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांनी तीच रीत स्वतंत्रपणे वापरली, कारण त्यांच्यापाशी दुसरा पुरावाच नव्हता.

येथे एक भेद मात्र नोंदविला पाहिजे. बार्क्स आपल्या बहुतेक कथा स्वतःच रचीत व काढीत असे. त्यामुळे हात ओळखला की कथाकारही सापडला. पुढील चर्चेत हे गृहीतक नकळत सर्वत्र लावले गेले, आणि तेथेच चूक झाली.

५

डीसीने १९५६ मध्ये ‘फ्लॅश’ या जुन्या नायकाला नव्या रूपात आणले, आणि त्याच्या यशानंतर इतर नायकांचेही पुनरुज्जीवन सुरू झाले. १९६० मध्ये डिक व पॅट लुपॉफ या दांपत्याने ‘झीरो’ या आपल्या फॅनझिनमध्ये जुन्या चित्रकथांवरील लेखमाला आरंभिली. १९६१ च्या मार्चमध्ये डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या जेरी बेल्स याने ‘आल्टर ईगो’ हे फॅनझिन काढले. मिसुरीतील तरुण शिक्षक रॉय थॉमस हा त्याचा प्रमुख सहकारी होता. स्पिरिट-डुप्लिकेटरवर जांभळ्या शाईत निघालेल्या या काही पानांना चित्रकथांच्या संघटित रसिकमंडळाचा आरंभबिंदू मानण्यात येते. थॉमस १९६५ मध्ये मार्व्हल या संस्थेत लेखक म्हणून गेला, आणि १९७२ मध्ये तेथील प्रमुख संपादक झाला. वाचक, समीक्षक व व्यावसायिक यांच्यातील भिंत किती पातळ होती हे यावरून ध्यानी येते.

बेल्सच्या मंडळाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे वार्षिक मतदानाने पुरस्कार देण्याची प्रथा पाडली. या पुरस्कारांत पुढे लेखक, पेन्सिलीचे काम करणारा आणि शाई चढविणारा यांसाठी स्वतंत्र वर्ग झाले. धंद्याने जी श्रमविभागणी केवळ सोयीसाठी केली होती तिला वाचकांनी समीक्षेच्या कोटी बनविले. जॅक कर्बी याच्या ‘थॉर’ मालिकेतील पेन्सिलीवर व्हिन्स कोलेटा याने चढविलेल्या शाईविषयीचा वाद हे या कोटींचेच फळ होय. कोलेटाची बारीक, खोदकामासारखी रेषा पौराणिक वातावरणास शोभते असे काहींचे मत; वेळ वाचविण्यासाठी तो पार्श्वभूमीतील आकृती पुसून टाकतो असा इतरांचा आक्षेप. छापील पानात जे नाही त्याविषयीही वाद होऊ शकतो, ही जाणीव या चर्चेतून पुढे आली.

दुसरी गोष्ट सूचीची. बेल्सने जुने अंक सूक्ष्मपटावर उतरविले, चित्रकार-लेखकांना पत्रे पाठवून माहिती मागविली, आणि हेम्स वेअर याच्या सहकार्याने १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकन चित्रकथाकारांचा चरित्रकोश चार खंडांत सिद्ध केला. ग्रंथालयांनी या पुस्तिका संग्राह्य मानल्या नव्हत्या अशा काळात हे कार्य झाले. आज या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्यास या कोशाच्या व त्यापासून वाढलेल्या सूचींच्या आधाराविना एक पाऊलही टाकता येत नाही.

६

आता ज्या दोन प्रकरणांत ही पद्धती अपुरी ठरली त्यांचा विचार करू. पहिले बिल फिंगर याचे. ‘बॅटमॅन’ १९३९ च्या मे महिन्याच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये अवतरला तेव्हापासून निर्माता म्हणून नाव एकट्या केनचे होते. केनच्या नावाखालील निरनिराळ्या चित्रकारांचे हात वाचक डोळ्यांनी वेगळे करू लागले होते. परंतु कथालेखकाचा हात पानावर दिसत नाही. फिंगर अशा रीतीने दुहेरी अदृश्य होता.

१९६५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क येथे भरलेल्या रसिकांच्या संमेलनात फिंगर उपस्थित राहिला व बोलला. बेल्सने त्याच्याशी संवाद करून त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये ‘कॅपा-आल्फा’ या हौशी लेखकांच्या सामायिक पत्रात एक लेख प्रसिद्ध केला. पहिल्या कथांचे लेखन फिंगरचे होते; केनच्या मूळ रेखाटनातील लाल पोशाख, ताठ पंख व डोळ्यांपुरता मुखवटा बदलून करडा पोशाख, झगा व डोके झाकणारा मुखवटा सुचविणाराही तोच होता, असे त्यात प्रतिपादन होते. केनने एका अनावृत पत्राद्वारे त्याचा तीव्र इन्कार केला, आणि निर्माता आपण एकटेच असल्याचे सांगितले. वादाचा निकाल तेव्हा लागला नाही. फिंगर १९७४ मध्ये निवर्तला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात केनने फिंगरला योग्य श्रेय न दिल्याबद्दल खेद व्यक्त केला. डीसीने चित्रपट व दूरदर्शन-मालिका यांत फिंगरचे नाव केनच्या नावासोबत देण्याचे २०१५ मध्ये मान्य केले. चक्रमुद्रित पत्रातील एका लेखापासून या मान्यतेपर्यंत पन्नास वर्षे लोटली.

दुसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मार्व्हलने १९६१ च्या नोव्हेंबरच्या अंकाने ‘फँटास्टिक फोर’ सुरू केली. लवकरच तिच्या कथांच्या आरंभी श्रेयनामांची चौकट येऊ लागली. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी, अमुकाची शाई, तमुकाची अक्षरे. निनावीपणाविरुद्ध झगडणाऱ्या वाचकांना हा आपला विजय वाटला. वस्तुतः या चौकटीतील ‘लेखक’ व ‘चित्रकार’ हे शब्द कामाचे यथार्थ वर्णन करीत नव्हते. मार्व्हलची रीत अशी होती की लीने कथेची रूपरेषा सांगावी, कित्येकदा ती केवळ तोंडी. चित्रकाराने त्यावरून संपूर्ण अंक काढावा. आणि मग लीने तयार चित्रांवर संवाद लिहावेत. प्रसंग कोणते, त्यांचा क्रम कोणता, कोणत्या क्षणाला किती चौकटी, हे सर्व चित्रकार ठरवी. १९६६ मधील एका कथेची पाने हाती आली तेव्हा अंतराळात फळीवर आरूढ होऊन फिरणारे एक रुपेरी पात्र त्यात लीला प्रथमच दिसले. ते कर्बीने आपल्या मनाने घातले होते. ही हकीकत लीने स्वतःच वेळोवेळी सांगितली आहे.

सामान्य वाचकाला ‘लेखक’ या शब्दाचा अर्थ ‘कथा रचणारा’ असाच वाटणार. म्हणून साठच्या दशकातील पत्रांत कर्बीच्या रेखाटनाची स्तुती व लीच्या कथांची स्तुती अशी वाटणी आढळते. ‘मास्टर रेस’मध्ये चौकटींची रचना हेच कथन आहे हे ज्यांनी जाणले त्याच परंपरेतील वाचक येथे छापील शब्दाने चकले. कर्बी व ‘स्पायडर-मॅन’चा चित्रकार स्टीव्ह डिटको यांना ही वाटणी मान्य नव्हती. डिटकोला १९६५ पासून कथानकाचे श्रेय छापून मिळू लागले; तरी १९६६ मध्ये तो मालिका सोडून गेला. कर्बी १९७० मध्ये गेला.

पुढे कर्बीच्या मूळ चित्रांचा प्रश्न निर्माण झाला. मार्व्हलने ती परत करण्यासाठी त्याच्यापुढे विशेष कठोर अटी ठेवल्या. १९८५–८६ मध्ये ‘द कॉमिक्स जर्नल’ या रसिकचर्चेतूनच वाढलेल्या समीक्षापत्राने त्याविरुद्ध मोहीम चालविली, आणि व्यावसायिकांनी निवेदनावर सह्या केल्या. १९८७ मध्ये काही चित्रे परत मिळाली. ती त्याच्या एकूण कामाच्या मानाने थोडी होती. कर्बीच्या मूळ पानांच्या समासात त्याच्याच हस्ताक्षरातील टिपणे होती. या चौकटीत काय घडते, कोण काय म्हणतो, हे त्यांत लिहिलेले असे. संग्राहकांच्या हाती आलेल्या पानांवरून, आणि १९९४ पासून निघणाऱ्या ‘द जॅक कर्बी कलेक्टर’सारख्या पत्रातील छायाप्रतींवरून, ही टिपणे अभ्यासकांना वाचावयास मिळाली. जे केवळ डोळ्याने ठरविता आले नव्हते ते हस्तलिखिताने बरेचसे ठरविता आले. कर्बीचे १९९४ मध्येच निधन झाले. त्याच्या वारसांशी मार्व्हलची तडजोड २०१४ मध्ये झाली, आणि त्यानंतर त्याचे नाव श्रेयपंक्तीत नियमाने येऊ लागले.

७

या चर्चेने भाषेला दिलेली देणगीही नोंदविण्याजोगी आहे. ‘कॉमिक’ या शब्दाचा मूळ अर्थ विनोदी. भयकथेस वा शोककथेस तो लावणे विसंगत होते. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये रिचर्ड काइल याने ‘कॅपा-आल्फा’च्या सदस्यांसाठी काढलेल्या पत्रकात ‘ग्राफिक नॉव्हेल’ ही संज्ञा सुचविली. विल आइसनर याच्या १९७८ मधील ग्रंथानंतर ती सर्वत्र पसरली, आणि आज ती पुस्तकांच्या दुकानांत व विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत रुळलेली आहे. ‘सुवर्णयुग’ व त्यानंतरचे ‘रौप्ययुग’ ही कालविभागणीही फॅनझिनांतून व पत्रसदरांतून आली. जुन्या घटनांना मागाहून नवा अर्थ देणाऱ्या कथानकाला ‘पूर्वलक्षी सातत्य’ अशा अर्थाची संज्ञा १९८३ मध्ये थॉमसच्या एका पत्रसदरात छापली गेली. ती आपणास एका संमेलनात चाहत्याकडून मिळाल्याचे तेथे म्हटले आहे. एखाद्या शास्त्राची परिभाषा अभ्यासकांऐवजी हौशी मंडळींनी घडवावी, आणि अभ्यासकांनी ती निमूटपणे स्वीकारावी, असे क्वचितच घडते.

परिभाषेबरोबर तिच्यातील पूर्वग्रहही आले. ‘सुवर्णयुग’ हा शब्द कालखंडाचे वर्णन करीत नाही, तो वापरणाऱ्याच्या बालपणाचे करतो. चर्चा करणारे बहुधा तरुण पुरुष होते, आणि त्यांचे लक्ष महानायकांवर होते. मुली ज्या मोठ्या संख्येने वाचीत त्या प्रणयकथांच्या मालिकांची सूची व समीक्षा फार उशिरा झाली. रंग ठरविणारे व अक्षरे लिहिणारे यांची नावे दीर्घकाळ उपेक्षित राहिली. ईसीच्या पानांना रंग देणारी मारी सेव्हरिन हिच्या कामाचा विचार चित्रकारांच्या तुलनेत अल्पच झाला. शिवाय पत्रसदरातील पत्रे संपादक निवडीत असे. त्यामुळे ती वाचकांच्या मताचा निर्भेळ पुरावा ठरत नाहीत. फॅनझिनशी ताडून पाहिल्याखेरीज त्यांवर विसंबता येत नाही.

ज्या वर्थमच्या ग्रंथामुळे ईसीचा वाचकवर्ग विखुरला त्यानेच १९७३ मध्ये ‘द वर्ल्ड ऑफ फॅनझिन्स’ हा ग्रंथ लिहिला, आणि या हौशी पत्रांचे संवादाचा एक निकोप प्रकार म्हणून कौतुक केले. त्याने आपले पूर्वीचे मत मागे घेतले असे मात्र नव्हे. तरी ज्यांना त्याने केवळ बळी मानले होते ते वाचक विचार करतात, लिहितात व वाद घालतात, हे त्याच्या दृष्टीस पडले.

या इतिहासातून संशोधकाने घ्यावयाचा बोध पद्धतीविषयीचा आहे. बार्क्सचे नाव डोळ्याने सुचविले आणि चौकशीने सिद्ध केले. फिंगरचे नाव डोळ्याला सापडणे शक्यच नव्हते. ते साक्षीने मिळाले, आणि ती साक्ष बेल्सने त्याच्या हयातीत नोंदविली म्हणूनच उरली. कर्बीच्या बाबतीत छापील श्रेयनामावर ठेवलेला विश्वास दिशाभूल करणारा ठरला, आणि समासातील टिपणांनी तो दुरुस्त केला. शैली, साक्ष व हस्तलिखित हे तीन पुरावे परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत. जेथे अनेक हात एका पानावर काम करतात तेथे छापलेले नाव हाही तपासून घ्यावयाचाच पुरावा असतो. अमेरिकेतील त्या वाचकांनी ही तपासणी सुरू केली, काही ठिकाणी ती अर्धवट सोडली, आणि पुढे स्वतःच पूर्ण केली. फिंगरला तिचा उपयोग मरणोत्तर झाला. बार्क्सला मात्र आपल्या वाचकांची पत्रे पुढे चाळीस वर्षे वाचावयास मिळाली.